हात लावण्याआधीचा हिशेब

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला नवा कोड लिहिण्यापेक्षा जुना कोड वाचणेच जास्त येते. आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. पुण्या-मुंबईतला हा उद्योग वाढला तो बऱ्याच अंशी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रणाली सांभाळत. 2000 साल उजाडण्याआधी वर्षाचे दोन अंक चार करायचे होते, तेव्हा इथल्या कितीतरी तरुणांनी कोबोलच्या ओळींवर ओळी वाचल्या. तो कोड त्यांच्या लहानपणी, दुसऱ्या देशात, त्यांना कधीच न भेटलेल्या माणसांनी लिहिलेला होता. आज हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसलेल्या अभियंत्याची स्थिती फार वेगळी नाही. एक छोटा बदल करायचा म्हणून तो फाइल उघडतो आणि समोर सहाशे ओळींचे एकच फंक्शन दिसते. इफच्या आत इफ, त्याच्या आत लूप, आणि मध्येच कुणीतरी लिहून ठेवलेली सूचना: ‘हे काढू नका’. का काढू नका, ते मात्र कुठेच लिहिलेले नसते.

अशा वेळी प्रश्न पडतो की हे आता नीट करावे, की आपला बदल तेवढा करून निघावे? या पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे.

त्याची दोन तयार उत्तरे प्रत्येक ऑफिसात ऐकू येतात. एक असे की चालतेय ना, मग हात लावू नका. दुसरे असे की हे सगळे फेकून द्या, आपण नव्याने लिहू. पहिले बहुधा अनुभवी माणसे देतात, दुसरे नव्या दमाची. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: दोन्ही उत्तरे तो कोड नीट न वाचता देता येतात. मला वाटते, इथेच मोजमापाची गरज सुरू होते. गुंतागुंत किती आहे, कुठे आहे आणि तिचा त्रास नेमका कुणाला होतो, हे कळल्याशिवाय ‘नीट करू’ आणि ‘राहू दे’ या दोन्ही शब्दांना फारसे वजन येत नाही.

मोजमापाची गोष्ट सांगायची तर डिसेंबर 1976 पासून सांगावी. त्या महिन्यात थॉमस मॅकेब यांचा ‘अ कॉम्प्लेक्सिटी मेझर’ हा निबंध आय-ट्रिपल-ईच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या नियतकालिकात छापून आला. प्रोग्रामचा एक तुकडा किती मोठा असावा, याचे नियम तेव्हा लांबीवर बेतलेले होते. तुकडा 50 ओळींचा असावा, किंवा दोन पानांत मावावा, असे. मॅकेब यांनी या नियमातली फट दाखवली. 50 ओळींत एकापाठोपाठ एक 25 इफ-देन आले, तर त्या एवढ्याशा तुकड्यातून जाण्याच्या वाटा 3 कोटी 35 लाखांवर जातात. एवढ्या वाटा कोण तपासणार? म्हणजे लांबी हे माप अपुरे आहे आणि मोजायला हव्यात त्या वाटा. पण वाटा मोजू गेले तर आकडा हाताबाहेर जातो. मग त्यांनी आलेखशास्त्राचा आधार घेतला. प्रोग्राम म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असे चित्र काढायचे, रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करायची आणि दोन मिळवायचे. येईल तो आकडा म्हणजे परस्परांपासून स्वतंत्र अशा वाटांची संख्या, म्हणजेच सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. फंक्शनमधून जाणारी दुसरी कोणतीही वाट या मोजक्या वाटांच्या बेरीज-वजाबाकीतून मिळते.

संगणक अभियांत्रिकीच्या पदवीला असलेल्या बहुतेकांनी हे गणित परीक्षेत सोडवलेले असते. फ्लो ग्राफ काढा, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढा, स्वतंत्र वाटा लिहा. परीक्षा संपली की ते मागे पडते, याचे मला वाईट वाटते. कारण रोजच्या कामात ते चित्र न काढताही वापरता येते: निर्णयाच्या जागा मोजायच्या आणि एक मिळवायचा, बस्स.

आपल्या घरच्या वीजबिलाचे फंक्शन घ्या. 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा आणि त्यावर चौथा. चार टप्पे, म्हणजे तीन निर्णय. मॅकेब यांचा आकडा 4. जोडणी सिंगल फेज की थ्री फेज, हा आणखी एक निर्णय: 5. मागील बिल थकले आहे का: 6. छतावर सौर पॅनेल आहे का: 7. हे फंक्शन अजून कुणालाही वाचता येईल. आता त्यातच व्यावसायिक, औद्योगिक आणि शेतीची जोडणी घातली आणि प्रत्येकीचे टप्पे वेगळे ठेवले, तर आकडा विशीच्या आसपास जातो. त्यात चूक शोधायला बसलेला माणूस पंधराव्या अटीशी पोचेपर्यंत तिसरी अट विसरलेला असतो.

मॅकेब यांनी 10 ही मर्यादा सुचवली. हा आकडा वाजवी आहे पण त्यात जादू काही नाही, अशी पुस्तीही त्यांनी तिथेच जोडली. शिवाय एक सूटही दिली: एका निवडीतून सुटी सुटी अनेक प्रकरणे फुटत असतील, तर मर्यादा ओलांडली तरी चालेल. दुर्दैवाने निबंधातली मर्यादा जगभर पोचली, पुस्ती आणि सूट मागे राहिली. आज नासाच्या सॉफ्टवेअर नियमांत सुरक्षेशी निगडित भागांसाठी मर्यादा 15 आहे. एफ-35 लढाऊ विमानाच्या सी-प्लस-प्लस कोडसाठी 2005 मध्ये जी नियमावली झाली तिच्यात ती 20 आहे. पीएमडी हे जावा तपासणारे साधन 10 वर सावध करते, जावास्क्रिप्टचे ईएसलिंट 20 वर. यांतला एकही आकडा निसर्गाचा स्थिरांक नाही. प्रत्येक आकडा म्हणजे एका गटाने आपल्या कामाचा धोका पाहून घेतलेला निर्णय आहे आणि तुमच्या गटालाही तो घ्यावाच लागेल.

इथे एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चार अटी आहेत. एकदा त्या एकाखाली एक, सुट्या लिहिल्या. दुसऱ्यांदा त्याच चार अटी एकीच्या पोटात दुसरी अशा लिहिल्या. मॅकेब यांच्या मापाने दोन्हींचा आकडा 5. पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखे वाटतील का? सुट्या अटींत एक वाचून झाली की ती डोक्यातून काढून टाकता येते. पोटात पोट असलेल्या अटींत चौथीपर्यंत पोचताना पहिल्या तिन्ही डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. हा फरक पकडण्यासाठी सोनारसोर्स कंपनीतल्या जी. अॅन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे माप मांडले. त्यात आत जाणाऱ्या प्रत्येक पातळीला वाढता दंड आहे. सुट्या चार अटींना 4, पोटातल्या चार अटींना 1, 2, 3 आणि 4 मिळून 10. महिन्याच्या क्रमांकावरून नाव देणारे बारा फाट्यांचे स्विच मॅकेब यांच्या मापाने 13 होते. कॅम्पबेल त्याला फक्त 1 देतात, कारण ते एका नजरेत कळते.

आता त्याच दोन फंक्शनांकडे टेस्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहा. सुट्या चार अटींतून जाण्याच्या एकूण वाटा 2 गुणिले 2 गुणिले 2 गुणिले 2, म्हणजे 16. पोटातल्या चार अटींत मात्र फक्त 5. ब्रायन नेजमेह यांनी 1988 मध्ये मांडलेले एनपाथ हे माप नेमके हेच मोजते. म्हणजे वाचणाऱ्याला जे सोपे, ते सगळ्या शक्यता तपासणाऱ्याला अवघड, आणि जे वाचायला अवघड त्याच्या वाटा कमी. तिसरे माप म्हणते दोन्ही सारखेच. कोण खरे? तिघेही. प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला आहे: टेस्टच्या पायाभूत वाटा किती, वाचताना डोक्यावर भार किती, सगळ्या शक्यता किती. ‘या कोडची गुंतागुंत 38 आहे’ असे कुणी सांगितले तर पहिला प्रश्न हाच विचारावा की कुणासाठी?

म्हणूनच सगळी मापे एकत्र कालवून काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. मॉरिस हॉलस्टेड यांनी 1977 च्या पुस्तकात कोडमधली चिन्हे आणि नावे मोजून त्याचे आकारमान काढण्याची रीत दिली. 1990 च्या दशकात ते आकारमान, मॅकेब यांचा आकडा आणि ओळींची संख्या यांना ठरावीक गुणकांनी गुणून ‘मेंटेनेबिलिटी इंडेक्स’ तयार झाला. सूत्र 171 पासून सुरू होते आणि त्यातून तिन्हींचा वाटा वजा होतो. व्हिज्युअल स्टुडिओ तोच आकडा 0 ते 100 मध्ये बसवून दाखवतो आणि 20 च्या वर हिरवा रंग देतो. हा आकडा 41 वरून 37 वर आला तर उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. ज्यातून हाती कृती पडत नाही ते माप निर्णयाच्या कामाचे नाही. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगसाठी चिदंबर आणि केमेरर यांनी 1994 मध्ये दिलेली सहा मापे मला जास्त जवळची वाटतात. ती वेगवेगळी ठेवलेली आहेत, आणि एक वर्ग इतर किती वर्गांना बांधलेला आहे यासारखे, उत्तर मिळताच काही करता येईल असे प्रश्न ती विचारतात.

मॅकेब यांच्या मापावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो लपवू नये. मार्टिन शेपर्ड यांनी 1988 मध्ये या मापाची कठोर चिकित्सा केली. अनेक अभ्यासांत हा आकडा ओळींच्या संख्येच्या इतका मागोमाग चालतो की वेगळे माप ठेवण्याने नवे काय कळले, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. हजारो फायलींतून संशयित शोधायचे असतील तर लांबीने लावलेली यादीही पुष्कळ काम करते. पण एकदा एका फंक्शनसमोर बसलो की लांबी मुकी होते. प्रत्येक फांदीला एकदा तरी स्पर्श करायला जास्तीत जास्त किती टेस्ट लागतील, याचा अंदाज मॅकेब यांचा आकडा देतो. 1996 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने वॉटसन आणि मॅकेब यांची जी पुस्तिका काढली तिचा सगळा भर याच उपयोगावर आहे, आणि माझ्या मते त्या आकड्याची खरी जागा तीच आहे.

जागा चुकली की काय होते, तेही पाहू. एखाद्या गटाने ठरवले की 10 च्या वर आकडा गेलेला कोड स्वीकारायचाच नाही. कुणाच्या तरी फंक्शनचा आकडा 24 आहे आणि रिलीज उद्या आहे. मग ते फंक्शन मधूनच तोडून तीन तुकडे होतात. नावे भाग एक, भाग दोन, भाग तीन. प्रत्येकाचा आकडा 10 च्या आत. पण आधी 23 निर्णय एका जागी होते, आता तेच 23 निर्णय तीन जागी आहेत. प्रत्येक फंक्शनचा एक मिळवून तिघांची बेरीज 26 होते आणि या तुकड्यातून त्या तुकड्यात आठ व्हेरिएबल पाठवावी लागतात. साधन हिरवा दिवा दाखवते, वाचणाऱ्याचे हाल मात्र वाढलेले असतात. माप हेच लक्ष्य झाले की ते माप म्हणून कामाचे उरत नाही, हे अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते आणि सॉफ्टवेअरमध्ये ते दर तिमाहीला अनुभवास येते. तुकडा करावा तो अर्थाच्या सांध्यावर. वीजबिलात ‘टप्प्यांनुसार आकार काढणे’ हे वेगळे फंक्शन असू शकते, कारण त्याला स्वतःचे नाव आहे, स्वतःचा प्रश्न आहे आणि त्याची टेस्ट एकट्याने लिहिता येते. ‘भाग दोन’ला यांतले काहीच नाही.

फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 च्या ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात केलेला भेद इथे लक्षात ठेवायला हवा. काही गुंतागुंत विषयातच असते आणि काही आपण आपल्या हाताने घातलेली असते. विजेचे टप्पे आणि ग्राहकांचे वर्ग नियामक आयोग ठरवतो. प्रोग्रामरने कितीही हुशारी केली तरी ते कमी होणार नाहीत. तीच अट मात्र चार फायलींत चार पद्धतींनी लिहिलेली असेल, तर ती आपण घातलेली गुंतागुंत. कोणतेही साधन या दोहोंत फरक करू शकत नाही. तो फरक विषय जाणणाऱ्या माणसालाच कळतो, म्हणून कोडची रचना सुधारण्याच्या, म्हणजे रिफॅक्टरिंगच्या, चर्चेत बिलिंग विभागातला माणूस बसलेला असावा असा माझा आग्रह असतो.

मापांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी आणखी बऱ्याच आहेत. चुकीचे नाव, कुठूनही बदलता येणारी सामाईक व्हेरिएबल्स, अमुक फंक्शन तमुकच्या आधीच चालले पाहिजे अशी अलिखित अट. आणि सर्वांत धोकादायक म्हणजे, कुणी वापरत नाही पण कुणी काढलेलाही नाही असा कोड.

1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या दलाल कंपनीचे जे झाले ते याचेच उदाहरण आहे. कंपनीच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. तिचा वापर 2003 मध्ये थांबला, पण कोड तसाच राहिला. मोठ्या ऑर्डरमधून लहान ऑर्डर पाठवत राहायच्या आणि मूळ ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचे, असे तिचे काम. किती शेअर झाले हे मोजणारा भाग 2005 मध्ये त्या कोडमधून उचलून प्रणालीत दुसऱ्या, क्रमाने आधी येणाऱ्या जागी हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासली गेली नाही. ती तर बंदच होती. 2012 मध्ये बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी नवा कोड लिहिला गेला आणि पूर्वी पॉवर पेग सुरू करणारे निशाणच नव्या सोयीसाठी वापरले गेले. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता. एकावर गेलाच नाही. बाजार उघडला, निशाण लागले, सात सर्व्हरवर नवी सोय सुरू झाली आणि आठव्यावर नऊ वर्षे झोपलेली पॉवर पेग जागी झाली. मोजणारा भाग तिच्यापासून तुटलेला असल्याने थांबायचे कधी, हे तिला कळण्याचा मार्गच उरला नव्हता. 212 ग्राहक-ऑर्डरपोटी तिने लाखो ऑर्डर सोडल्या. 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या 39 कोटी 70 लाखांवर शेअरचे 40 लाखांहून जास्त सौदे झाले. गोंधळात कंपनीच्या लोकांनी बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, त्यामुळे तिथेही जुनी सोय सुरू होऊन आग आणखी पसरली. तोटा 46 कोटी डॉलरच्या वर गेला. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर 2013 च्या आदेशात ही सगळी साखळी नोंदवली आहे. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो आदेश एकदा वाचावा असे मी कळकळीने सांगेन.

या घटनेत सायक्लोमॅटिक आकड्याचा काही संबंध नाही. पॉवर पेगचा आकडा 6 असता किंवा 60, निकाल तोच लागला असता. संबंध आहे तो 2003 मध्ये न घेतलेल्या एका निर्णयाचा. वापर थांबला त्याच आठवड्यात तो कोड काढणे अगदी थोडक्या वेळाचे काम होते. आणि 2005 चा बदल? बाहेरून दिसणारे वर्तन तसेच ठेवून आतली रचना सुधारणे, ही रिफॅक्टरिंगची व्याख्या. विल्यम ऑप्डाइक यांच्या इलिनॉय विद्यापीठातल्या 1992 च्या प्रबंधापासून मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या पुस्तकापर्यंत सर्वांनी ‘वर्तन तसेच ठेवून’ या शब्दांवर भर दिला आहे. वर्तन तसेच राहिले की नाही हे न तपासता केलेली हलवाहलव या व्याख्येत बसत नाही.

मग वेळ कशी ठरवायची? मला याचे उत्तर वॉर्ड कनिंगहॅम यांच्या कर्जाच्या कल्पनेत सापडते, पण ती कल्पना मूळ रूपात घेतली तर. 1992 मध्ये वायकॅश या आर्थिक गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना त्यांनी ती मांडली. विषय पूर्ण समजण्याआधी कोड लोकांच्या हाती दिला, तर कर्ज काढल्यासारखे होते; समज वाढली की ती कोडमध्ये उतरवून कर्ज फेडायचे. गबाळा कोड लिहायला ही परवानगी नाही, हे त्यांनी पुढे स्पष्टही केले. पण या कर्जाचा एक गुण सावकाराच्या कर्जासारखा नाही, आणि निर्णयाची किल्ली तिथेच आहे: त्याचे व्याज दरमहा भरावे लागत नाही. त्या कोडला हात लावला तरच भरावे लागते. पाच वर्षे कुणी न उघडलेल्या फायलीची गुंतागुंत कितीही असो, ती आज कुणाचा वेळ खात नाही. आणि दर आठवड्याला उघडल्या जाणाऱ्या फायलीतली मध्यम गुंतागुंतही वर्षभरात माणसांचे महिने खाते.

म्हणून गुंतागुंतीच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा लागतो: ही फाइल गेल्या वर्षात किती वेळा बदलली? तो काढायला वेगळे साधनही लागत नाही. गिटच्या नोंदींत तो पडून असतो. अॅडम टॉर्नहिल यांनी 2015 च्या ‘युअर कोड अॅज अ क्राइम सीन’ या पुस्तकात ही दोन मापे एकत्र ठेवून ‘हॉटस्पॉट’ शोधण्याची रीत सविस्तर दिली. तिचे पहिले फळ म्हणजे यादी लहान होते. बहुतेक प्रकल्पांत बदल मोजक्या फायलींत एकवटलेले असतात. गुंतागुंतीच्या शेकडो फायलींतून नेहमी बदलणाऱ्या तेवढ्या निवडल्या की हाती पाच-सात उरतात, आणि पाच-सात फायलींबद्दल गटाला एका बैठकीत बोलता येते. त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते: कोणत्या दोन फायली नेहमी जोडीने बदलतात. त्यांच्यात आपसांत काही संबंध असल्याचे कोडमध्ये कुठेही लिहिलेले नसेल, तर समजावे की एक नियम दोन जागी राहतो आहे.

भूतकाळाइतकाच पुढचा काळही महत्त्वाचा. येत्या दोन-तीन महिन्यांत कोणते काम येणार आहे? ज्या भागात नवी सोय घालायची आहे, तो भाग आधी तिच्यासाठी मोकळा करून घ्यावा आणि मग सोय घालावी, असा केंट बेक यांचा सल्ला आहे. मी तो सर्वांत उपयोगी मानतो. त्यामुळे रिफॅक्टरिंगला निमित्त मिळते आणि शेवटही मिळतो. मोकळी जागा झाली की थांबायचे. डॉन रॉबर्ट्स यांच्या नावावर असलेला तिसऱ्या वेळेचा नियमही याच जातीचा: तीच गोष्ट तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की रचना बदला. दोन उदाहरणांवरून काढलेले सामान्य रूप बहुधा चुकते, तिसरे उदाहरण आले की खरा आकार दिसू लागतो.

हात न लावण्याची कारणेही तितकीच ठाम असावीत. प्रणाली वर्षअखेर बंद होणार असेल तर नको. कोडला टेस्ट नसतील तर लगेच नको. मायकेल फेदर्स यांनी 2004 मध्ये जुन्या कोडची व्याख्याच ‘ज्याला टेस्ट नाहीत तो’ अशी केली. अशा कोडसाठी त्यांनी सांगितलेली पहिली पायरी नम्र आहे: कोड आज जे करतो ते, मग ते बरोबर असो वा चूक, टेस्टमध्ये नोंदवून ठेवा. बिलात एका विशिष्ट ग्राहकाला एक पैसा जास्त लागत असेल तर तोही नोंदवा. ती चूक की कुणीतरी जाणूनबुजून ठेवलेली अट, हे नंतर विचारता येईल. इथे मॅकेब यांचा आकडा पुन्हा कामाला येतो, कारण किती टेस्टची तयारी ठेवायची ते तो सांगतो. आकडा 24 असेल आणि हाती एक दुपार असेल, तर आज रचना बदलण्याचा दिवस नव्हे. आज टेस्ट लिहिण्याचा दिवस आहे.

सगळे फेकून नव्याने लिहिण्याबद्दल थोडेच बोलतो. नेटस्केपचा चौथा ब्राउझर जून 1997 मध्ये आला. मग जुने इंजिन टाकून नव्याने लिहिण्याचे ठरले. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर 2000 मध्ये, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला होता. बाजार जाण्याची कारणे इतरही होती, हे मान्य. पण तीन वर्षे ग्राहकाला देण्यासारखे मोठे नवे काही हाती नसणे कोणत्याही कंपनीला जड जाते. लहान पावलांनी सुधारलेला कोड मात्र रोज संध्याकाळी चालू स्थितीत असतो.

लेहमन आणि बेलाडी यांनी आयबीएमच्या ओएस-360 च्या एकामागून एक आवृत्त्या अभ्यासून 1970 च्या दशकात सांगितले की वापरात असलेली प्रणाली बदलत राहते आणि बदलत राहिली की तिची गुंतागुंत वाढते, ती मुद्दाम कमी केली नाही तर. या ‘मुद्दाम’ला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो देणारा माणूस बहुधा कोड वाचत नाही. त्याच्यापुढे सायक्लोमॅटिक आकडे ठेवून उपयोग नाही. गेल्या सहा महिन्यांत या तीन फायलींत किती बदल झाले, अंदाज दोन दिवसांचा असताना प्रत्यक्षात किती दिवस गेले, त्यांतले किती बदल पुन्हा दुरुस्त करावे लागले, हे त्याच्यापुढे ठेवा. हे सगळे आकडे तुमच्याच कामाच्या नोंदींत आहेत. त्याच्या जोडीला पुढच्या तिमाहीत याच फायलींत येणारी कामे लिहा. ‘कोड घाण आहे’ या तक्रारीवर कुणी वेळ देत नाही आणि देऊही नये. ‘या कामाआधी चार दिवस दिले तर पुढची तीन कामे लवकर होतील’ या म्हणण्यावर मात्र विचार होतो. चार दिवसांनंतर तसे झाले की नाही तेही तपासून सांगा. पुढच्या वेळी तुमचा शब्द त्यावरच चालेल.

पुस्तकाच्या वापराबद्दल काही सांगून थांबतो. उदाहरणे पायथॉन आणि जावातली आहेत, पण कोबोल किंवा सी सांभाळणाऱ्यालाही ती लागू पडावीत अशी निवडली आहेत. प्रत्येक मापाचे गणित आधी कागदावर, मग साधनाने केले आहे; कागदावरचे गाळू नये ही विनंती. ज्यांना आलेखांच्या शास्त्रात खोल जायचे आहे त्यांनी आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला 2009 चा डेटा फ्लो अॅनालिसिसवरचा ग्रंथ पाहावा. कंपायलर प्रोग्रामच्या वाटांकडे कसे पाहतो ते त्यातून कळते आणि मग मॅकेब यांचे चित्र वेगळ्याच प्रकाशात दिसते. हॉटस्पॉटचे प्रकरण मात्र सर्वांनी स्वतःच्या प्रकल्पाच्या नोंदी शेजारी उघड्या ठेवूनच वाचावे. माझ्या उदाहरणातल्या फायली तुमच्या ओळखीच्या नाहीत. तुमच्या यादीत वर येणाऱ्या पाच फायली कोणत्या असतील, याचा अंदाज आधी कागदावर लिहा आणि मग यादी काढा.